एक जूनची माणसं

आमच्या गावच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर कुणी उघडून बघितलं तर त्याला वाटेल, या गावात लेकरं फक्त एक जूनलाच जन्माला येत होती. पाटलाचा पोरगा एक जून, कुंभाराचा एक जून, मुलाण्याचा एक जून, माझ्या मागच्या बाकावरचा धनगराचा एक जून. मीही एक जूनचाच.

यात दोष कुणाचा नाही. शाळा जूनमध्ये भरायची. रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना होता आणि तो गुरुजींना भरावाच लागायचा. आईला विचारलं तर ती सांगायची, "पोळ्याच्या आदी झाला, ज्वारी निसवायच्या बी आदी." तिला साल ठाऊक असायचं, पीक ठाऊक असायचं, त्या दिवशी पाऊस होता का ऊन तेही ठाऊक असायचं. फक्त रकान्यात बसेल असं तिच्याजवळ काही नव्हतं. मग गुरुजी पोराला उभं करून म्हणायचे, "उजवा हात डोक्यावरनं घे आन् डावा कान धर." हात कानाला लागला की पोरगा सहा वर्षांचा झाला.

माझा हात कानाला लागला नव्हता. अजून आठवतं, मी बोटं ताणताणून बघत होतो आणि कान काही सापडत नव्हता. पण माझ्या बापाला घाई होती. आई रानात जायची, घरी सांभाळायला कुणी नव्हतं. बाप म्हणाला, "गुरुजी, बसू द्या पोरांत, मार लागंल पर वळण तरी लागंल." गुरुजींनी टाकात शाई भरली आणि लिहिलं, १ जून १९५९. आईच्या सांगण्याप्रमाणं मी महाराष्ट्र राज्य झालं त्या साली श्रावणात झालो. म्हणजे १९६०. कागदावरचा मी खऱ्या माझ्यापेक्षा सव्वा वर्षानं थोरला आहे.

याचं मला कधी काही वाटलं नाही. १९७५ साली दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्यातली पहिली बॅच आमची. पुढं शिकायची ऐपत नव्हती, बापाच्या मागं औत धरलं. नोकरीला लागलो असतो तर सव्वा वर्ष आधी घरी बसलो असतो. शेतीला रिटायर होणं नाही, त्यामुळं गुरुजींची ती तारीख पन्नास-साठ वर्षं टी.सी.च्या कागदावर निवांत पडून होती. ती उठली एसटीच्या हाफ तिकिटानं.

एसटीचाही वाढदिवस एक जूनच. १ जून १९४८ ला पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला गेली. तिचा एक जून मात्र खरा आहे. त्या दिवशी आमचा जिल्हा अजून निजामाच्या राज्यात होता. निजामाच्याही मोटारी होत्या, १९३२ पासून, त्याच्या रेल्वेखात्याकडून चालायच्या. पण त्या आमच्यासारख्या आडबाजूच्या गावात कशाला येतील? पुढं सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि १९६१ ला आजचं महामंडळ उभं राहिलं. आमच्या गावाला गाडी आली ती त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी, आणि आली ती मुक्कामी.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला पाहिजे. ती रात्री साडेआठ-नऊला गावात यायची आणि मारुतीच्या पारापुढं उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे. कुणाच्या घरची भाकरी, कुणाच्या घरचं कोरड्यास, थंडीत कुणाची वाकळ. पहाटे सहाला हॉर्न वाजला की गाव जागं व्हायचं. कंडक्टरच्या खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांच्या रंगीत गठ्ठ्यांचा पत्र्याचा ट्रे आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. त्या चिमट्यानं तो दांडीवर टकटक करायचा. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो.

मास्तरला सगळं गाव ठाऊक होतं. कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाचा बैल बसला, कोण कुणाशी बोलत नाही. दहावीची परीक्षा तुळजापूरला होती. एका पेपरच्या दिवशी माझ्याजवळ तिकिटाला पैसे नव्हते. घरात होते ते आदल्या दिवशी बापाच्या औषधाला गेले होते. मी मागच्या दाराजवळ अंग चोरून उभा. मास्तरनं तिकीट फाडलं, भोक पाडलं, माझ्या खिशात कोंबलं आणि म्हणाला, "उंद्या दे." पैसे त्यानं स्वतःच्या खिशातले पिशवीत टाकले. ते टाकणं त्याला भागच होतं. वाटेत चेकिंगवाले चढले असते तर त्यांनी डोकी मोजली असती, वेबिल तपासलं असतं, आणि एक डोकं बिनतिकिटाचं निघालं असतं तर गळ्याशी त्याच्या आलं असतं. त्याचा विश्वास असा त्याच्या पोटाशी बांधलेला होता.

विश्वास आमच्याकडूनही होता. सुट्टे पैसे नसले की मास्तर तिकिटाच्या मागं पेनानं आकडा लिहून द्यायचा. तेवढी त्याची आमची बाकी. उतरताना दिली तर दिली, विसरलं तर दुसऱ्या दिवशी. त्या तिकिटाच्या चिटोऱ्यावर सही नसायची, शिक्का नसायचा, नुसता आकडा. पण तो आकडा दाखवला आणि मास्तर नाही म्हणाला, असं मी बघितलं नाही. आता कंडक्टरच्या हातात मशीन असतं, त्याच्यावरचा कोड मोबाईलनं टिपायचा आणि नेमके पैसे जातात. सुट्ट्यांची कटकट गेली. बाकीही गेली.

२०१९ साली एसटीनं स्मार्ट कार्ड आणलं. ज्यांना सवलत आहे त्यांची ओळख पक्की व्हावी आणि खोटं वय सांगून हाफ तिकीट काढणाऱ्यांना आळा बसावा, हा त्यातला हेतू. पासष्टाच्या पुढच्या म्हाताऱ्यांना अर्धं भाडं होतं, पण तेही वर्षाला चार हजार किलोमीटरपर्यंत. आता कोण म्हातारं किती किलोमीटर फिरलं हे कुठला मास्तर ध्यानात ठेवणार? कार्डाच्या पोटात चिप असते. कार्ड मशीनला लावलं की मशीन ते वाचतं आणि हिशेब आपोआप राहतो. त्याच साली मार्चमध्ये देशभर चालणारं एकच प्रवासाचं कार्डही सुरू झालं होतं. हवा अशी होती की आता सगळ्यांच्या खिशात एक कार्ड असणार आणि कुणाला काही तोंडानं सांगावं लागणार नाही.

मी माझ्या थोरल्या चुलतीला घेऊन कार्ड काढायला गेलो. तिला आम्ही सगळे नानी म्हणतो. बसस्थानकावर म्हाताऱ्यांची रांग होती. आधार नंबर मागितला, तो होता. मोबाईल नंबर मागितला, तो तिला कुठला असणार, माझा दिला. नानी म्हणाली, "मंजे मी कोण हाय ते इचारायचं आसंल तर तुला फोन करनार व्हय?" कार्ड आलं. तिनं ते पान-सुपारीच्या चंचीत ठेवलं. पुढं करोना आला, गाड्या बंद पडल्या. मग संप झाला, तो २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला लागला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात मिटला. कार्ड काढायची मुदत वाढत वाढत गेली, शेवटी आधार कार्ड दाखवलं तरी चालू लागलं. नानीचं स्मार्ट कार्ड चंचीत कात लागून तांबडं झालं. आता पुन्हा नव्या कार्डाचं बोलणं निघालंय.

पण कार्ड कुठलंही असो, त्याच्या मुळाशी एक तारीख असते. नानीच्या आधारावर तारीख आहे ०१/०१/१९५२.

ती तारीख कशी आली ते मी डोळ्यांनी बघितलंय. २०१२ च्या आसपास शाळेत आधारचा कॅम्प लागला होता. संगणकावर बसलेल्या पोरानं विचारलं, "आजी, वय किती?" नानीनं आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला असेल. ती म्हणाली, "आता किती मनू बाबा... लिव्ह साठ." आमच्याकडं साठ हा आकडा नव्हे. साठ म्हणजे म्हातारी झाले, आता विचारू नको. पोरानं साठ लिहिलं. बारातनं साठ वजा झाले आणि नानी १९५२ च्या एक जानेवारीला जन्मली. गुरुजींच्या रजिस्टरात आम्ही एक जूनची माणसं, संगणकात नानी एक जानेवारीची.

नानी खरी किती वर्षांची, ते काढता येतं. ती सांगते, रझाकाराच्या वक्ताला ती रांगत होती. तिचे आईबाप रातोरात गाव सोडून बार्शीच्या मुलखात पळाले. तो मुलूख आधी इंग्रजांकडचा, तिथं निजामाचा हुकूम चालत नव्हता. तेव्हा नानीला टोपलीत घालून तिच्या आजीनं डोक्यावर नेलं होतं. रांगणारं लेकरू १९४८ ला, म्हणजे जन्म सत्तेचाळीसचा. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारनं पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटी फुकट केली, तेव्हा नानीला पंच्याहत्तर झालेच होते. कार्डावर सत्तर होते.

दुरुस्ती करायला गेलो तर पुरावा मागितला, आणि तो मागणं रास्तच आहे. पण नानी शाळेत गेली नाही. ज्या साली ती जन्मली त्या साली तिच्या माहेरच्या गावात माणसं जीव घेऊन पळत होती, नोंदी कोण लिहिणार? मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्धं तिकीट झालं, तेवढ्यावर नानीनं विषय मिटवला. म्हणाली, "दोन हजार सत्तावीसपस्तोर जगले तर फुकट बशीन. न्हाई जगले तर यमाच्या गाडीला कुटं तिकीट आसतंय?"

आता माझ्या हाफ तिकिटाचं सांगतो.

१ जून २०२४ ला मी कागदानं पासष्ट वर्षांचा झालो. आमच्या गावापासून तुळजापूरचं फुल तिकीट तेव्हा चाळीस रुपये होतं, हाफ वीस. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? सोयाबीनचा भाव पडलेला, वीस रुपये म्हणजे दोन वेळचा चहा आणि वर काहीतरी. जुलैत नानीच्या मोतीबिंदूसाठी आम्ही सोलापूरला निघालो. पहिली गाडी तुळजापूरची. कंडक्टर बाई होती, तिशीच्या आतली, बोलायला गोड. मी माझं आधार दाखवलं, तिनं वीसचं तिकीट दिलं. नानीचं आधार बघून म्हणाली, "आजी, तुमचं बी हाफ."

शेजारची बाई नानीला म्हणाली, "तुमाला तर फुकट पायजे."

कंडक्टर म्हणाली, "कार्डावर बहात्तर हायेत ओ. मी फुकट काढलं आन् चेकिंग आलं तर मला भरावं लागंल."

नानी काही भांडली नाही. ती हिशेब करत होती. म्हणाली, "बाई, माजा थोरला पोरगा एकसष्टाचा हाय. तुज्या कार्डावर मी बहात्तर. मंजे मी अकराव्या वर्षी बाळंत झाले व्हय?"

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसली. हसता हसता तिनं वीसचं तिकीट काढलं आणि नानीच्या हातावर ठेवलं. तिची चूक मी तरी म्हणणार नाही. तिला नानीचं खरं पटलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण पटलेलं मशीनमध्ये घालता येत नव्हतं. पूर्वीच्या मास्तरला त्याच्या जिवावर दोन बोटं जागा होती. हिला तेवढीही नव्हती.

मग नानी माझ्याकडं वळली. आवाज न चढवता म्हणाली, "आन् तुला कसं रं हाफ? तू तर म्हाराष्ट्र झाला त्या सालचा."

मी म्हणालो, "शाळेत एकोणसाठ लिवलंय, नानी."

"लिवलं आसंल. तुजी नाळ पुरताना दिवा मी धरला हुता. मी नवी नवरी, तेरा वर्साची. श्रावन हुता, पाऊस लागला हुता, दिवा सारका इजत हुता."

एवढं बोलून ती खिडकीतनं बाहेर बघू लागली. तिनं मला काही दोष दिला नाही. पण मी तुळजापूरपर्यंत तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही. बघा कसा घोळ आहे. माझ्या खऱ्या वयाचा या जगात एकच जिवंत साक्षीदार उरलाय, ती नानी. आई जाऊन बारा वर्षं झाली. आणि त्या साक्षीदाराचं स्वतःचं वय मात्र कुणी धरत नाही. तिनं श्रावणात दिवा धरला हे खरं मानलं तर १९६० ला ती तेरा वर्षांची नवरी होती, आणि तिला फुकट तिकीट पाहिजे, मला फुल. कार्ड खरं मानलं तर तेव्हा ती आठ वर्षांची होती. एकाच गाडीत, एकाच बाकड्यावर, तिचे वीस रुपये जास्त जात होते आणि माझे वीस कमी.

मी खोटं बोललो होतो का? तोंडानं एक शब्द नाही. मी कार्ड पुढं केलं आणि कार्डानं वय सांगितलं. ते कार्ड बनावट नाही, सरकारी आहे. पण मला खरं ठाऊक होतं. मागं कुणाला हाफ तिकीट लबाडीनं काढायचं असलं तर त्याला मास्तरच्या डोळ्यांत बघून "पासष्ट" म्हणावं लागायचं. जीभ अडखळायची. आता जिभेचं काम उरलं नाही. कार्डामुळं खोटं बोलणं बंद होईल असं म्हणतात, ते होईलही. पण त्याबरोबर खरं बोलायचीही वेळ कुणावर येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तारीख लिहिताना एकदा जे झालं ते झालं. पुढं जन्मभर आपण नामानिराळे.

सोलापूरहून आल्यावर मी ठरवलं, श्रावण २०२५ पर्यंत फुल तिकीट काढायचं. पहिल्याच खेपेला फजिती झाली. कंडक्टर म्हणाला, "काका, कार्ड दाखवा, हाफ निघतंय की."

म्हणालो, "फुल द्या."

"का?"

"अजून पासष्ट झाली नाहीत."

"मग कार्डावर?"

"कार्डावर झालीत."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की या माणसाला सोबत कुणी आहे का नाही. मागून एक जण म्हणाला, "वीस रुपयानं एसटी फायद्यात येती का काय?" दुसरा म्हणाला, "फार पुण्यवान मानूस दिसतंय." असं चार-पाच वेळा झालं. मग मला दुसरीच भीती वाटू लागली. फुल तिकीट मागताना मी गाडीतल्या माणसांकडं बघायला लागलो होतो, कोण ऐकतंय का म्हणून. वीस रुपयांत मोठेपणा स्वस्तच मिळत होता. मी ते बंद केलं.

त्यानंतर मी हाफ तिकीट काढायचो आणि घरी आलो की उरलेले पैसे पत्र्याच्या डब्यात टाकायचो. जानेवारी २०२५ मध्ये भाडं वाढलं, तेव्हा डब्यातले पैसेही वाढवले. त्या पैशातनं नानीची तिकिटं काढली. डोळ्याच्या तपासणीला, लेकीकडं, येरमाळ्याच्या जत्रेला. मनाची समजूत अशी घातली, की मी एसटीचं देणं लागतो, एसटी नानीचं देणं लागते, मग मी परस्पर नानीला दिलं तर काय बिघडलं? हा हिशेब मी एका वकिलाला सांगितला तर तो हसला. म्हणाला, "कायद्यात असं परस्पर चालत नाही." मलाही तो हिशेब पूर्ण पटत नाही. कोण कुणाचं किती देणं लागतो हे ठरवणारा मीच, आणि फेडणाराही मीच. पण याहून चांगला मला सुचला नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, हा म्हातारा कार्डाच्या विरुद्ध आहे आणि मुक्कामी गाडीच्या मास्तरसाठी गळा काढतोय. तसंच लिहायचं माझ्याही मनात होतं. पण मग मधेच एक गोष्ट आठवली आणि हात थांबला.

मधला मुलगा पुण्याला असतो. मागं त्याच्याकडं गेलो तेव्हा त्यानं मला मेट्रोत बसवलं. आत जायला कमरेएवढं दार आहे. कार्ड लावलं की दार उघडतं. माझ्या पुढं एक साहेब होता, टाय लावलेला. मागं एक बाई, डोक्यावर बोचकं, बहुतेक बांधकामावरची. साहेबानं कार्ड लावलं, दार उघडलं. मी लावलं, उघडलं. वळून बघितलं, बाईनं लावलं, तिलाही तेवढंच उघडलं. दारानं कुणाला विचारलं नाही, तू कुणाचा कोण. ती बाई माझ्याकडं न बघता पुढं निघून गेली, आणि मला एकदम दुसरी बाई आठवली.

१९९२ ची गोष्ट, दिवाळीच्या आगेमागे. मी याच मुलाला घेऊन तुळजापूरला निघालो होतो. तो सहा वर्षांचा, हाफ तिकिटाच्या वयाचा झालेला. मास्तर ओळखीचा. मी म्हणालो, "एकच फुल द्या मास्तर, पोरगं लहान हाय अजून." मास्तरनं पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि एकच तिकीट दिलं. आमच्या पुढच्या बाकड्यावर एक ऊसतोडीला निघालेली बाई होती, कडेला लेकरू. आमच्या गावची नव्हे, अलीकडच्या पालावरची. मास्तरनं विचारलं, "लेकराचं?" ती म्हणाली, "ल्हान हाय मालक." तिचं लेकरू माझ्या पोरापेक्षा वीतभर ठेंगणं होतं, दुधाचे दात होते त्याला. पण गाडीतली आमचीच माणसं बोलली, "ह्यांचं काय खरं धरता मास्तर, ही लोकं आशीच." मास्तर जरा घुटमळला. त्यानं माझ्याकडं बघितलं. खरंच बघितलं, मी काही बोलतो का म्हणून. मी खिडकीतनं बाहेर बघितलं. बाईनं पदराची गाठ सोडली, नाणी मोजली आणि हाफ तिकीट घेतलं. माझं पोरगं फुकट बसलं होतं, आणि तिनं खरं सांगून पैसे भरले होते.

मास्तर गावाला ओळखत होता म्हणून मी सांगतोय. पण तो आम्हाला ओळखत होता, तिला नाही. आमच्या ज्या विश्वासाचं मी एवढं कौतुक केलं, त्याला वेस होती. वेशीच्या आत आमचं खोटंही खरं, वेशीच्या बाहेर तिचं खरंही खोटं. तिच्याजवळ त्या दिवशी एखादं कार्ड असतं, त्यावर लेकराची जन्मतारीख असती, तर तिला आमच्या तोंडाकडं बघावं लागलं नसतं. ज्याला गावात कुणी नाही, ज्याच्यासाठी "मी ओळखतो याला" म्हणणारं कुणी नाही, त्याला कार्ड म्हणजे मोठा आधार आहे. हे मला विसरता येत नाही.

आणि नानीलाही विसरता येत नाही. कार्डाला नानीचं ऐकू येत नाही. अकराव्या वर्षी बाळंत झाले का, हा तिचा प्रश्न एवढा सरळ आहे की दुसरीतलं पोरगंही बरोबर उत्तर देईल. ज्याच्याजवळ कागद नाही त्याचं ऐकून घ्यायला, त्याच्या लेकाचं वय मोजायला, गावातल्या चार म्हाताऱ्यांची साक्ष घेऊन दुरुस्ती करायला कुणीतरी माणूस बसवला पाहिजे. आणि साक्ष देणाऱ्यांनीही आपल्या माणसापुरतं बोलून चालायचं नाही. मी दोन वेळा गप्प बसलो. एकदा मास्तर माझ्याकडं बघत असताना, एकदा कार्ड माझ्या वतीनं बोलत असताना. पहिल्या वेळी कार्ड नव्हतं आणि दुसऱ्या वेळी होतं. मी दोन्ही वेळा तसाच होतो.

श्रावण २०२५ मध्ये मी खराखुरा पासष्ट वर्षांचा झालो. तिथी आईला ठाऊक असायची, मला नेमकी ठाऊक नाही, म्हणून श्रावण संपायची वाट बघितली. मग नानीला घेऊन तुळजापूरला देवीला गेलो. दोघांनी हाफ तिकिटं काढली. माझं आता हक्काचं, तिचं अजूनही कमी हक्काचं. वाटेत मी नानीला त्या ऊसतोडीच्या बाईची गोष्ट सांगितली. तेहतीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. मला वाटलं, नानी काहीतरी बोलेल, निदान "जाऊ दे आता" म्हणेल.

नानी बराच वेळ गप्प होती. नव्या डोळ्यानं बाहेरचं रान बघत होती. मग म्हणाली, "ती नानी मोजून दिली व्हती म्हंतूस. तिला मागारी कशी देशील रं?"

मी म्हणालो, "कुठं शोधू तिला? नाव बी ठाऊक नाही."

"आन् ते लेकरू? केवढं झालं आसंल आता?"

"चाळिशीला आलं असेल."

"साळंत गेलं आसंल का?"

मला काय सांगता येणार? पण मनात आलं, गेलं असेल तर कुठल्यातरी शाळेच्या रजिस्टरात, कुठल्यातरी गुरुजींनी, त्याच्याही नावापुढं एक जूनच लिहिला असेल.